पिंगमधलं पहिलं टिंब

राउटरवरून पिंग मारलं, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का बघायला पाच छोटी पॅकेटं पाठवली, की स्क्रीनवर काय येतं ते ज्यांनी सीसीएनएचा, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंगच्या परीक्षेचा, अभ्यास केलाय त्यांना पाठ असेल. आधी एक टिंब, म्हणजे उत्तर आलं नाही, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग पटापट चार उद्गारचिन्हं, म्हणजे उत्तर आलं. खाली लिहिलेलं असतं सक्सेस रेट ८० टक्के, पाचपैकी चार. मी हे किती वेळा बघितलं असेल याचा हिशोब नाही, आणि दर वेळी चार आले ना, मग झालं, कनेक्शन आहे, असं म्हणून पुढच्या कमांडकडे गेले. आज हे सगळं लिहायला बसलेय ते त्या टिंबामुळेच.

मागच्या महिन्यात परीक्षा पास झाले. दुसऱ्या प्रयत्नात. तेव्हापासून ऑफिसमधले दोघंतिघं आणि जुन्या कॉलेजच्या ग्रुपवरचे काही जण विचारतायत की कुठलं पुस्तक घेतलंस, कुठले व्हिडिओ बघितलेस, किती दिवस लागले. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते, कारण खरं सांगायचं तर पुस्तक पहिल्या वेळीही तेच होतं आणि दुसऱ्या वेळीही तेच होतं, बदलली ती फक्त वाचायची पद्धत.

आधी परीक्षेबद्दल थोडं, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. नेटवर्किंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसमोर साधारण दोन मोठी नावं असतात, कॉम्पटियाची नेटवर्क प्लस आणि सिस्कोची सीसीएनए. नेटवर्क प्लस कुठल्याच एका कंपनीच्या उपकरणांवर नाही, संकल्पनांवर आहे, ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि १०० ते ९०० च्या स्केलवर ७२० मिळाले की पास. सीसीएनए १२० मिनिटांची, तिचा सध्याचा कोड २००-३०१, हा फेब्रुवारी २०२० मध्ये आला आणि त्याच वेळी त्याच्या खालची सीसीईएनटी बंद झाली, म्हणून जुने लेख वाचताना सांभाळून वाचा, त्यात आधी ते द्या मग हे द्या असं लिहिलेलं असतं ते आता लागू नाही. ज्यांना सीसीएनए एकदम अंगावर येते त्यांच्यासाठी सीसीएसटी म्हणून एक छोटी परीक्षा आहे, ५० मिनिटांची. मी डेस्कटॉप सपोर्टमध्ये काम करते, स्विचला हात लावायची परवानगी हवी होती, म्हणून मी सीसीएनए घेतली. कुठली चांगली यावर लोक फार भांडतात, मला विचाराल तर ज्याला रोज उपकरणांवर कमांड टाकायच्या आहेत त्याने सीसीएनए करावी आणि ज्याचं अजून काही ठरलेलं नाही त्याने नेटवर्क प्लस, एवढंच.

आता पहिला प्रयत्न. मी अभ्यास कमी केला नव्हता, हे मुद्दाम सांगते. पाच महिने रोज कामावरून आल्यावर बसत होते, व्हिडिओ दीडपट स्पीडने बघायचे, वहीत रंगीत पेनांनी नोट्स काढायचे, ओएसआयचे सात लेयर (नेटवर्कच्या कामाचे सात थर) खालून वर आणि वरून खाली, पोर्ट नंबर सगळे तोंडपाठ, एसएसएच २२, टेलनेट २३, डीएनएस ५३, टीएफटीपी ६९, एनटीपी १२३, कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचा, म्हणजे कुठून शिकलेल्या मार्गावर राउटर किती भरवसा ठेवतो त्याचा, तक्ता भिंतीवर चिकटवलेला, आकडा कमी तितका भरवसा जास्त: कनेक्टेड ०, हाताने लिहिलेला स्टॅटिक १, आणि राउटर एकमेकांना मार्ग सांगतात त्या पद्धती, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आरआयपी १२०. लॅबही केले होते, पॅकेट ट्रेसरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्येच नेटवर्क जोडून, पण कसे? व्हिडिओत समोरचा माणूस जी कमांड टाकतोय तीच मी टाकायची, त्याचं चाललं की माझंही चालायचं, आणि आपल्याला येतंय असं वाटायचं. खरं तर मला फक्त बघून टाईप करता येत होतं.

परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, तसं मान्य करूनच आत बसतात, त्यामुळे मी माझं उदाहरण बनवून सांगते. समजा राउटरकडे तीन रूट, म्हणजे मार्ग, आहेत, आणि स्लॅशपुढचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत ते. १०.०.०.० स्लॅश ८ हा स्टॅटिक, १०.१.०.० स्लॅश १६ हा ओएसपीएफने शिकलेला आणि १०.१.१.० स्लॅश २४ हा आरआयपीने. पॅकेट निघालंय १०.१.१.५ कडे. कुठून जाईल? माझ्या भिंतीवरचा तक्ता सांगत होता स्टॅटिक, १ आहे ना, सगळ्यात कमी. चूक. जाईल आरआयपीच्या रूटने, कारण राउटर पॅकेट पुढे पाठवताना सगळ्यात आधी सगळ्यात जास्त जुळणारा रूट शोधतो, २४ बिट जुळले म्हणजे १६ पेक्षा आणि ८ पेक्षा जास्त जुळले, विषय संपला. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स कधी लागतं? जेव्हा अगदी तोच प्रीफिक्स, तोच नेटवर्क आणि तीच लांबी, दोन वेगवेगळ्या मार्गांनी शिकलेला असतो आणि टेबलमध्ये कुणाला घ्यायचं हे ठरवायचं असतं तेव्हा. म्हणजे तक्ता बरोबर होता, आकडे पाठ होते, पण तो तक्ता राउटर नेमका कुठल्या क्षणी उघडतो हेच मला माहीत नव्हतं. असे पाचसहा प्रश्न एकापाठोपाठ आले की घाम फुटतो, त्यात सीसीएनएमध्ये मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, नेक्स्ट दाबलं की तो गेला, त्यामुळे तो चुकला असेल का हा विचार डोक्यात घेऊनच पुढचा वाचायचा. निकालात विभागवार टक्केवारी मिळते. माझी सगळ्यात कमी कुठे होती, तर आयपी कनेक्टिव्हिटीमध्ये, आणि अख्ख्या परीक्षेत तोच विभाग सगळ्यात मोठा आहे, २५ टक्के.

नापास झाल्यावर पाच दिवसांनी परत देता येते. मला घाई करून तेच परत करायचं नव्हतं. आठवडाभर वही उघडलीच नाही.

आमच्या टीममध्ये एक सीनियर आहेत, नेटवर्क तेच बघतात, सगळे त्यांना दादाच म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांना म्हटलं, दादा, माझं काय चुकतंय बघता का जरा, मला लॅब तर सगळे येतात. ते म्हणाले, दाखव एक. मी लॅपटॉपवर एक राउटर, एक स्विच, एक पीसी असा छोटासा लॅब जोडला, इंटरफेसला आयपी दिला, नो शटडाउन टाकून तो चालू केला, आणि राउटरवरून पीसीला पिंग. टिंब, उद्गार, उद्गार, उद्गार, उद्गार. मी म्हटलं, चाललं.

दादा म्हणाले, "चाललं ते सोड. ते पहिलं टिंब कशाचं?"

मी म्हटलं, येतंच ते, पहिलं जातं नेहमी.

"येतंच म्हणजे? पाचातलं एक पॅकेट मेलं. कुणी मारलं ते सांग."

मला सांगता आलं नाही. एआरपी म्हणजे काय हे विचारलं असतं तर व्याख्या धडाधड म्हटली असती, आयपी ॲड्रेसवरून मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा पत्ता) शोधणारा प्रोटोकॉल, १९८२ चा आरएफसी ८२६, सगळं. पण हे टिंब म्हणजेच ते, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

झालेलं असं. राउटरला पीसीकडे पॅकेट पाठवायचंय, आयपी माहीत आहे, पण पॅकेट गुंडाळून तारेवर जी फ्रेम टाकायची तिच्यावर मॅक ॲड्रेस लिहावा लागतो आणि तो राउटरकडे नाही. म्हणून तो ओरडून विचारतो, हा आयपी कुणाचा, आणि ती फ्रेम सगळ्यांना जाते, तिच्या डेस्टिनेशन मॅकमध्ये बाराच्या बारा एफ असतात. उत्तर यायला काही मिलिसेकंद लागतात. पण राउटर तोवर ते पॅकेट हातात धरून थांबत नाही, टाकून देतो. त्या पॅकेटचं उत्तर येणारच नसतं, तरी पिंग दोन सेकंद वाट बघतं आणि मग टिंब छापतं. म्हणून ती मधली शांतता. तोवर मॅक मिळालेला असतो, म्हणून पुढची चार पटापट. लगेच परत तेच पिंग मारून बघा, पाचही उद्गारचिन्हं येतील, कारण आता नोंद टेबलमध्ये आहे आणि सिस्कोच्या राउटरवर ती डीफॉल्टने चार तास राहते. दादांनी शो आयपी एआरपी टाकायला लावलं आणि ती ओळ दाखवली. इतके महिने मी ही कमांड नुसती पाठ केली होती.

मग त्यांनी एक काम दिलं. म्हणाले, मधे अजून एक राउटर टाक, रूट दे, लॅब सेव्ह करून बंद कर, परत उघड म्हणजे सगळी टेबलं कोरी होतील, आणि पहिल्या राउटरवरून पलीकडच्या पीसीला पिंग मार. पण एंटर दाबायच्या आधी वहीत लिही की काय दिसणार. लिहिल्याशिवाय एंटर नाही.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. पहिल्या राउटरला दुसऱ्या राउटरचा मॅक माहीत नाही, म्हणजे पहिलं पॅकेट तिथेच जाणार. दुसरं पॅकेट दुसऱ्या राउटरपर्यंत पोचेल, पण त्याला पीसीचा मॅक माहीत नाही, म्हणजे ते तिथे जाणार. तिसरं पोचेल. आणि उत्तर परत येताना? पीसीला विचारलं दुसऱ्या राउटरनेच, त्या विचारण्यातच त्याचा स्वतःचा आयपी आणि मॅक होता, म्हणजे पीसीला परत विचारायची गरज नाही, तसंच पुढे. म्हणून मी लिहिलं, दोन टिंबं, तीन उद्गारचिन्हं, ६० टक्के. आणि एंटर दाबलं. टिंब. दोन सेकंद. टिंब. दोन सेकंद. आणि मग तीन उद्गारचिन्हं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. पास झाल्याच्या दिवशी झाला नसेल इतका आनंद मला त्या दोन टिंबांनी दिला, कारण पहिल्यांदाच मशीन काय करणार ते मला मशीनच्या आधी कळलं होतं.

तिथून अभ्यास पार बदलला. नियम एकच, कुठलीही कमांड असो, आउटपुट काय येणार ते आधी लिहायचं, मग टाकायची, आणि चुकलं तर का चुकलं हे त्याच पानावर खाली. ती वही अजून आहे माझ्याकडे, निम्म्याहून जास्त पानं चुकांनीच भरलीत आणि मी जर कुणाला काही उसनं दिलं तर नोट्स देईन, ती वही नाही देणार.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पान म्हणजे चार कॉलमचा एक तक्ता. सोर्स आयपी, डेस्टिनेशन आयपी, सोर्स मॅक, डेस्टिनेशन मॅक. ए नावाचा पीसी, मधे दोन राउटर, पलीकडे बी नावाचा पीसी, आणि प्रत्येक तारेवर पॅकेट असताना हे चार रकाने भरायचे. पहिल्यांदा भरला तेव्हा डेस्टिनेशन आयपीमध्ये मी डीफॉल्ट गेटवेचा, म्हणजे आपल्या नेटवर्कमधून बाहेर नेणाऱ्या राउटरचा, आयपी लिहिला होता. मला वाटायचं पॅकेट आधी गेटवेला पाठवतात म्हणजे त्यावर गेटवेचा पत्ता असणार. नसतो! पॅकेटवर शेवटपर्यंत ए आणि बी यांचेच आयपी, मधे नॅट, म्हणजे वाटेत पत्ते बदलणं, नसेल तर त्यांना कुणी हात लावत नाही. गेटवेचा आयपी पॅकेटमध्ये कुठेच जात नाही, तो फक्त त्याचा मॅक विचारण्यापुरता वापरतात आणि तो मॅक फ्रेमवर लिहितात. प्रत्येक राउटर जुनी फ्रेम सोलून टाकतो, आत बघतो, टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकने कमी करतो आणि नवीन फ्रेम गुंडाळून पुढे देतो. म्हणजे मॅकचे दोन रकाने प्रत्येक तारेवर बदलतात, आयपीचे दोन तसेच. हा तक्ता ज्याला न बघता भरता आला त्याला लेयर दोन (मॅकचा) आणि लेयर तीन (आयपीचा) वेगळे समजावून सांगायची गरज नाही, आणि ज्याला नाही आला त्याने सात लेयरची यादी कितीही वेळा म्हटली तरी उपयोग नाही, हे मी माझ्या अनुभवावरून ठामपणे सांगते.

सबनेटिंगबद्दल, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे तुकडे पाडण्याबद्दल, सगळेच विचारतात. मी पण आधी तक्ता पाठ केला होता, स्लॅश २६ म्हणजे मास्कचा शेवटचा आकडा १९२, ब्लॉक ६४, होस्ट, म्हणजे मशीनना देता येतील असे पत्ते, ६२. चौथ्या ऑक्टेटमध्ये, म्हणजे पत्त्याच्या चौथ्या आकड्यात, असेपर्यंत ठीक चालायचं, तिसऱ्या ऑक्टेटमध्ये गेलं की गाडी अडायची. १७२.१६.४५.२०० स्लॅश २० घ्या. मास्क २५५.२५५.२४०.०. ज्या ऑक्टेटमध्ये गंमत आहे तो तिसरा, २५६ मधून २४० गेले, ब्लॉक १६ चा. ०, १६, ३२, ४८. आपले ४५ हे ३२ आणि ४८ च्या मधे, म्हणजे नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) १७२.१६.४७.२५५, होस्ट दोनचा बारावा घात वजा २, म्हणजे ४०९४. इथपर्यंत बऱ्याच जणांना येतं. आता सांगा, याच नेटवर्कमध्ये १७२.१६.४०.० हा पत्ता एखाद्या पीसीला देता येईल का? मी पटकन नाही म्हटलं होतं, शेवटी शून्य आहे म्हणजे तो नेटवर्कचा पत्ता असणार. पण देता येतो, तो मधला साधा होस्ट आहे, आणि १७२.१६.३९.२५५ सुद्धा. शून्य आणि २५५ दिसले की घाबरायचं ही सवय स्लॅश २४ च्या बाहेर न पडल्यामुळे लागते. मी शेवटचे दोन महिने रोज सकाळी दहा गणितं सोडवली, कागदावर, कारण परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. पहिल्या आठवड्यात दहा गणितांना अर्धा तास लागायचा, शेवटी शेवटी सहासात मिनिटं.

पण वेग आला म्हणजे कळलं असं नाही. मला ते पॅकेटच्या बाजूनं बघितल्यावर कळलं. पीसी पॅकेट पाठवायच्या आधी पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारतो की समोरचा माझ्याच नेटवर्कमध्ये आहे का, आणि उत्तर तो स्वतःच्या मास्कने काढतो, समोरच्याचा मास्क त्याला माहीतच नसतो. घरातला असेल तर थेट त्याचा मॅक विचारायचा, परका असेल तर गेटवेचा. आता एकाच स्विचवर ए ला १९२.१६८.१.१० स्लॅश २४ द्या आणि बी ला १९२.१६८.१.२०० स्लॅश २५. ए ला वाटतं बी घरातलाच आहे. बी च्या हिशोबाने त्याचं घर १२८ पासून २५५ पर्यंत, म्हणजे ए परका, त्याला उत्तर द्यायचं तर गेटवेकडे द्यायला हवं, आणि गेटवे दिलेलाच नसेल तर उत्तर निघणारच नाही. केबल चांगली, लाइट हिरवे, दोघांचे आयपी शेजारी शेजारी दिसतायत, आणि पिंग नाही. असले लॅब मी मुद्दाम मोडून बनवायला लागले, आणि चालू लॅबपेक्षा मोडलेल्या लॅबने मला जास्त शिकवलं.

मोडण्यावरून आठवलं, एक मी मुद्दाम मोडला नव्हता. दोन स्विच, मधे ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारी तार, त्यावरून व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क) १० आणि २० छान चालले होते. ३० वाढवायचा होता. मी टाकलं स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०. वहीत लिहिलेलं, आता तिन्ही चालतील. ३० चालला. १० आणि २० दोन्ही बंद. अर्धा तास मी पीसीचे आयपी तपासत बसले, गेटवे तपासला, शेवटी शो इंटरफेसेस ट्रंक टाकलं तर यादीत एकटा ३०. त्या कमांडमध्ये ॲड हा शब्द टाकला नाही तर ती यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून नवी लिहिते. एक छोटा शब्द, आणि खऱ्या ऑफिसमध्ये असता तर मजलाभर लोकांचं काम थांबलं असतं. त्या पानावर मी ॲड असं लाल पेनाने लिहिलंय आणि आजही ट्रंकवर काही करायचं असलं की आधी शो, मग कमांड, मग परत शो.

स्पॅनिंग ट्री मला आवडायला लागली हे खरं सांगितलं तर लोकांना पटत नाही. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी हा अल्गोरिदम बनवला, त्यामागचा विचार इतका सरळ आहे की स्विचची जाळी असेल तर गोल गोल फिरणारा मार्ग तोडायचा, आणि तो तोडायला सगळ्यांनी मिळून एक रूट, म्हणजे प्रमुख स्विच, निवडायचा (मघाचा मार्गवाला रूट वेगळा). निवड कशी तर ज्याची ब्रिज आयडी, म्हणजे प्रायॉरिटी आणि मॅक मिळून बनलेला आकडा, सगळ्यात कमी तो, आणि प्रायॉरिटी सगळ्यांची डीफॉल्टने ३२७६८ असते, त्यात व्हीलॅनचा नंबर मिळवतात म्हणून व्हीलॅन १ ला ३२७६९ दिसते. सगळ्यांची सारखीच असल्यावर ठरवणार मॅक ॲड्रेस, सगळ्यात छोटा तो जिंकतो, आणि छोटा मॅक बहुतेक वेळा जुन्या स्विचचा असतो. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही तर नेटवर्कमधला सगळ्यात म्हातारा, हळू स्विच सगळ्यांचा प्रमुख होऊन बसण्याची शक्यता मोठी. मी तीन स्विचचा त्रिकोण काढून कुठला पोर्ट केशरी होणार, म्हणजे गप्प बसवला जाणार, यावर आधी गोल करायचे. पहिले तीन वेळा चुकलं, कारण मी रूट बरोबर ओळखायचे पण उरलेल्या दोघांमधल्या तारेवर कोण गप्प बसणार हे अंदाजाने सांगायचे. चौथ्या वेळी रूटपर्यंतची कॉस्ट दोन्हीकडून लिहून काढली, ती सारखी निघाली, मग ब्रिज आयडी बघितली आणि बरोबर पोर्टला गोल केला.

ओएसपीएफला पण तीच पद्धत लावली. दोन राउटर शेजारी होतील, म्हणजे एकमेकांशी माहिती वाटून घेतील, का नाही हे आधी कागदावर, एरिया तोच आहे का, सबनेट तोच का, हॅलो आणि डेड टायमर जुळतात का, डीफॉल्ट १० आणि ४० सेकंद असतात. एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, जुळला नाही तर मजा अशी की शेजारी दिसतात पण एक्सस्टार्ट या मधल्या टप्प्यावर अडकून राहतात. आणि कॉस्टचा, म्हणजे मार्ग किती महाग त्याचा, हिशोब १०० एमबीपीएसला तारेच्या वेगाने भागून होत असल्यामुळे फास्ट इथरनेट आणि गिगाबिट दोघांचीही कॉस्ट १ च येते, रेफरन्स बँडविड्थ बदलल्याशिवाय त्याला फरक कळत नाही. हे मी वाचलेलं होतं, पण लिहून टाकलेला मार्ग चुकला तेव्हा लक्षात राहिलं.

वायरलेस आणि ऑटोमेशन मी जेवढ्यास तेवढं केलं. ऑटोमेशन १० टक्के आहे, जेसन (माहिती लिहायची एक पद्धत) वाचता यायला हवं, कंट्रोलर, म्हणजे सगळी उपकरणं एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर, काय करतो ते कळायला हवं, दोन आठवडे पुरतात. सिक्युरिटी १५ टक्के, तिथे एसीएलवर, म्हणजे कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं आणि कुठलं अडवायचं त्याच्या यादीवर, वेळ द्या, ओळी वरून खाली वाचल्या जातात, पहिली जुळली की थांबतं, आणि शेवटी न दिसणारा डिनाय असतोच.

अजून एक. पहिल्या वेळी नापास झाल्यावर एका ओळखीच्याने मला एक पीडीएफ पाठवली, त्यात म्हणे खरे प्रश्न आहेत, हे पाठ कर, सुटशील. मी उघडली नाही, डिलीट केली. नियमात बसत नाही, पकडलं तर सर्टिफिकेट जातं, हे तर आहेच. पण मला ती परीक्षा कशासाठी हवी होती? स्विचला हात लावायला. उद्या माझ्यासमोर बंद पडलेला स्विच असेल तेव्हा तो मला चार पर्याय देणार नाहीये. ज्यांना हे कठोर वाटेल त्यांना वाटू दे, माझं मत पक्कं आहे.

दुसऱ्या प्रयत्नाला मी चार महिने घेतले. रोज दीड तास, त्यातला एक तास लॅब आणि वही, अर्धा तास वाचन, म्हणजे पहिल्या वेळच्या बरोबर उलट. सराव परीक्षा फक्त शेवटच्या तीन आठवड्यांत. परीक्षेत लिहायला दिलेल्या पाटीवर आधी दोनचे घात लिहून घेतले, आणि प्रत्येक आउटपुटचा प्रश्न आला की पर्याय न वाचता आधी स्वतःचं उत्तर ठरवायचं आणि मग खाली बघायचं. वेळ पुरला, पण अगदी काठावर.

पास झाल्यावर आठवडाभरात दादांनी मला ॲक्सेस स्विचचं लॉगिन मिळवून दिलं. पहिलंच तिकीट आलं, एका नव्या टेबलवरच्या पीसीला नेटवर्क नाही. जाऊन बघितलं तर आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे पीसीने डीएचसीपीला, आयपी वाटणाऱ्या सर्व्हरला, हाक मारलीये आणि कुणीच ऑफर दिलेली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. केबल ठीक होती, लाइट लागलेला. खिशातून वही काढली आणि भिंतीला टेकवून लिहिलं, पोर्ट व्हीलॅन १ मध्ये असणार, २० मध्ये नसणार. जागेवर आले, शो व्हीलॅन ब्रीफ टाकलं. पोर्ट चौदा, व्हीलॅन १. इंटरफेसमध्ये जाऊन स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०, एंटर, आणि त्या टेबलवरच्या मॅडमना फोन केला की आयपीकॉन्फिग रिन्यू टाका. फोनवर कीबोर्डचा आवाज आला, मग त्या म्हणाल्या, "काहीतरी १० ने सुरू होणारं आलंय, बरोबर आहे का?"